गेम खेळताना रंग पुन्हा पुन्हा विटतात: कारण कसे शोधावे आणि कायमचा उपाय कसा करावा

समस्या अशी आहे. रविवारी निवांत बसून मॉनिटरचे रंग मनासारखे लावले, गेम सुरेख दिसला आणि तीन-चार दिवसांनी तोच गेम उघडला तर सगळे चित्र धुरकट काचेआडून पाहिल्यासारखे दिसते. गुहेतला अंधार काळा न राहता राखाडी होतो, बर्फ मळकट दिसतो आणि पात्रांचे कपडे अनेक धुण्यांनंतर विटावेत तसे विटलेले वाटतात. अशा वेळी बहुतेक जण ग्राफिक्स कार्डाच्या पॅनेलमध्ये जाऊन रंगांची तीव्रता वाढवतात. चित्र तात्पुरते सुधारते, परंतु दोन दिवसांनी मूळ दोष आपोआप नाहीसा झाला की तेच चित्र डोळ्यांत खुपेल इतके भडक होते आणि पट्टी पुन्हा खाली ओढावी लागते. ठाण्यात नौपाड्यातील माझ्या घरी मी जवळजवळ तीन महिने हेच करत होतो. त्या अनुभवावरून सर्वांत आधी एवढेच सांगावेसे वाटते की, कोणत्याही पट्टीला हात लावण्यापूर्वी रंग नेमके केव्हा आणि कशानंतर बिघडतात, हे वहीत तारीख-वेळेसह लिहून ठेवावे. एकदाच आलेला दोष शोधणे अवघड असते, पण पुन्हा पुन्हा येणारा दोष आपल्या येण्याच्या वेळेतून स्वतःचे कारण सांगत असतो.

दोष कोणत्या टप्प्यावर आहे

गेममधले चित्र डोळ्यांपर्यंत पोहोचण्यापूर्वी चार हातांतून जाते. गेम स्वतःची प्रकाशाची आणि गॅमाची (म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात याची) सेटिंग लावतो, त्यावर विंडोज आपली रंगव्यवस्था चढवते, मग ग्राफिक्स ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ते चित्र विशिष्ट स्वरूपात केबलवर पाठवतो आणि शेवटी मॉनिटर त्याचा आपल्या परीने अर्थ लावतो. या चौघांपैकी कोणी बदल केला हे न पाहता दुसऱ्याकडून भरपाई करून घेणे, हीच या त्रासातली मुख्य चूक आहे.

टप्पा ओळखण्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत आणि दोन्हींना एक पैसाही लागत नाही. पहिली चाचणी अशी की, रंग विटलेले दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्यावा आणि तो फोनवर पाठवून पाहावा. स्क्रीनशॉट हा ड्रायव्हर चित्र केबलवर सोडतो त्याच्या आधीच्या टप्प्यावर घेतला जातो. त्यामुळे फोनवर चित्र नीट दिसत असेल, तर गेमने काढलेल्या चित्रात दोष नाही. बिघाड ड्रायव्हरच्या आउटपुटमध्ये, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये आहे. फोनवरही ते तसेच विटलेले दिसले, तर गेमच्या स्वतःच्या सेटिंगकडे वळावे. एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला फरक वाढवून दाखवणारी पद्धत) चालू असताना मात्र या चाचणीवर विसंबू नये, कारण त्या स्थितीतले स्क्रीनशॉट इतरत्र अनेकदा मुळातच फिके किंवा अति उजळ दिसतात.

दुसरी चाचणी मॉनिटरच्या बटणाची आहे. मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बाजूचे बटण दाबले की त्याचा स्वतःचा मेनू पडद्यावर उमटतो. हा मेनू संगणकाकडून येत नाही, तो मॉनिटर स्वतः काढतो. खोलीतले दिवे मालवून त्या मेनूची काळी चौकट आणि शेजारी गेममधला अंधार एकमेकांच्या कडेला ठेवून पाहावा. माझ्याकडे मेनूची चौकट शाईसारखी काळी होती आणि तिच्या शेजारचा गेममधला अंधार पाटीवर खडू पुसल्यावर राहतो तसा राखाडी होता. त्या एका दृष्टिक्षेपात हे कळले की, मॉनिटरचा पडदा उत्तम आहे, त्याच्यापर्यंत पोहोचणारे चित्रच बिघडलेले आहे. तोपर्यंत मी नवा मॉनिटर घेण्याचा विचार गंभीरपणे करत होतो.

वीज जाते आणि रंगही जातात

वहीतल्या नोंदी पाहिल्यावर जे दिसले, त्याची मला आधी मुळीच कल्पना नव्हती. पावसाळ्याचे दिवस होते आणि वीज अधूनमधून क्षणभर जाऊन परत येत होती. रंग बिघडल्याची प्रत्येक नोंद अशा एखाद्या झटक्यानंतरचीच होती. संगणक यूपीएसवर असल्यामुळे तो बंद पडत नसे, म्हणून विजेचा आणि रंगांचा संबंध कधी मनात आलाच नाही. परंतु यूपीएसवरची दुसरी जागा राउटरने घेतलेली होती आणि मॉनिटर थेट भिंतीवरच्या प्लगला जोडलेला होता. वीज गेली की संगणक चालूच राहायचा, मॉनिटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा आणि सुरू होताना त्याची व ग्राफिक्स कार्डाची ओळखपाळख नव्याने व्हायची. त्या ओळखीत ड्रायव्हर मॉनिटरला टीव्ही समजत होता.

टीव्ही समजल्याने काय बिघडते, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. संगणकाच्या चित्रात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाची प्रत्येक छटा ० ते २५५ अशा अंकांनी मांडलेली असते. ० म्हणजे संपूर्ण काळे आणि २५५ म्हणजे संपूर्ण उजळ. या पद्धतीला फुल रेंज म्हणतात. टीव्हीच्या जगात मात्र जुन्या प्रसारणाच्या काळापासून १६ हा काळा आणि २३५ हा पांढरा मानण्याची रीत आहे. तिला लिमिटेड रेंज म्हणतात. एचडीएमआय ही जोडणी मूळची टीव्हीसाठी घडलेली असल्यामुळे १९२० गुणिले १०८० आणि ६० हर्ट्झ यांसारखी टीव्हीची ठरावीक मापे दिसली की लिमिटेड रेंज गृहीत धरली जाते. ड्रायव्हरने लिमिटेड पाठवले आणि मॉनिटरने ते फुल समजून वाचले, तर १६ चा काळा राखाडी दिसतो आणि २३५ चा पांढरा मळकट दिसतो. विटलेपण ते हेच.

याच्या उलटही घडते आणि गेम खेळणाऱ्यासाठी ते अधिक वाईट असते. ड्रायव्हर फुल पाठवतो आणि मॉनिटर ते लिमिटेड समजतो, तेव्हा १६ च्या खालचे सारे अंक एकाच काळ्या रंगात बुडतात आणि २३५ च्या वरचे सारे पांढऱ्यात विरघळतात. चित्र वरवर पाहता गडद व जोरकस वाटते, म्हणून पुष्कळांना ते आवडतेही. परंतु जिन्याखालच्या अंधारात उभा असलेला प्रतिस्पर्धी त्यात दिसतच नाही.

दोन्हींपैकी काय झाले आहे हे पाहण्यासाठी मी विंडोजच्या पेंटमध्ये एक चित्र करून डेस्कटॉपवर ठेवले आहे. रंग निवडण्याच्या खिडकीत लाल, हिरवा, निळा या तिन्ही ठिकाणी ० लिहून एक मोठा काळा चौकोन भरावा आणि त्याच्या मध्यावर तिन्ही ठिकाणी १० लिहून एक लहान चौकोन काढावा. शेजारी २५५ चा पांढरा चौकोन आणि त्याच्या आत २४५ चा लहान चौकोन काढावा. सारे ठीक असेल तर अंधाऱ्या खोलीत आतला चौकोन जेमतेम जाणवतो, तोही जरा निरखल्यावर. आतले दोन्ही चौकोन साफ नाहीसे झाले असतील तर मॉनिटर लिमिटेड समजून बसला आहे. चौकोन दिसतात पण मोठा काळा चौकोनच राखाडी आहे, असे असेल तर ड्रायव्हर लिमिटेड पाठवत आहे.

दुरुस्ती दोन्ही टोकांना करावी लागते. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन' या पानावर खाली रंगांच्या सेटिंगची जागा आहे. तेथे आपोआप ठरणाऱ्या सेटिंगऐवजी स्वतःची सेटिंग वापरण्याचा पर्याय निवडून 'आउटपुट कलर फॉरमॅट' आरजीबी (लाल-हिरवा-निळा) आणि 'आउटपुट डायनॅमिक रेंज' फुल ठेवावी. त्याच पानावर रिझोल्यूशनच्या यादीचे दोन गट असतात, वर टीव्हीच्या मापांचा आणि खाली पीसीचा. दोन्हींत तेच आकडे असले तर खालच्या गटातले माप निवडावे. ही बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्प्लेच्या पानावर 'पिक्सेल फॉरमॅट' असते, तेथे फुल आरजीबी लिहिलेला पर्याय निवडावा. इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्ये याच गोष्टीला 'क्वांटायझेशन रेंज' म्हणतात. दुसऱ्या टोकाला, मॉनिटरच्या मेनूत 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' किंवा 'आरजीबी रेंज' या नावाची ओळ असेल, तर ती 'ऑटो'वर न ठेवता फुलवर पक्की करावी. ज्या घरी टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरला जातो, तेथे इनपुटचे नाव किंवा प्रकार 'पीसी' असा बदलता येत असेल तर तो जरूर बदलावा. काही टीव्ही एवढ्यानेच संगणकाचे चित्र संगणकाचे म्हणून वाचू लागतात.

माझ्या घरी याउपर एक काम उरले होते, ते म्हणजे मॉनिटर यूपीएसवर घेणे. येथे थोडा हिशेब करावा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा (व्हीए हे यूपीएसवर छापलेले क्षमतेचे माप) यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटचाच भार घेतो आणि गेम ऐन रंगात असताना मोठे ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक एकटाच तेवढी वीज ओढू शकतो. मॉनिटरची भर तीस-चाळीस वॉटची असली तरी ती तोंडावर भरलेल्या भांड्यातली असते. माझे कार्ड लहान असल्यामुळे निभावले. ज्यांचे मोठे आहे, त्यांनी आधी यूपीएसची क्षमता पाहावी आणि ती पुरणार नसेल तर एचडीएमआयऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल वापरून पाहावी. ती जोडणी संगणकासाठीच घडलेली असल्याने रेंजचा हा गोंधळ तिच्यावर बराच कमी होतो.

रोज संध्याकाळी पिवळे होणारे चित्र

ऐरोलीला माझी बहीण राहते. तिचा मुलगा कॉलेजात आहे. माझ्या घरचा प्रश्न सुटल्याचे ऐकून त्याने फोन केला, "मामा, माझ्याकडे तर रोज संध्याकाळी सगळंच पिवळं होतं. सकाळी परत ठीक." फुल आणि लिमिटेडचा उपाय त्याने करून पाहिला होता, त्याने काही फरक पडला नव्हता. मी ठाणे-वाशी लोकलने ऐरोलीला गेलो आणि त्यालाही आधी वेळच विचारली. तो म्हणाला, "नक्की वेळ नाही. जूनमध्ये सव्वासातच्या पुढे व्हायचं, आता सहालाच होतं."

तेव्हा नोव्हेंबर संपत आला होता. आपल्या भागात जूनअखेरीस सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. विंडोजमधील 'नाइट लाइट' सूर्यास्त ते सूर्योदय अशा वेळेवर लावलेला असला की तो ठिकाण पाहून रोजची वेळ स्वतः बदलतो, निळा प्रकाश कमी करतो आणि चित्राला उबदार, पिवळसर छटा देतो. कधीतरी परीक्षेच्या दिवसांत त्याने तो लावला होता आणि नंतर तो विसरला होता. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या वाटेने जाऊन नाइट लाइटची वेळापत्रकाची कळ बंद केली आणि तक्रार संपली. रात्री डोळ्यांना तो आवश्यक वाटत असेल तर ठेवावा, परंतु गेमचे रंग लावताना तो बंद असल्याची खात्री करून घ्यावी; अन्यथा पिवळ्या छटेची भरपाई म्हणून वाढवलेला निळा रंग सकाळी सगळे चित्र थंडगार करून टाकतो.

एचडीआर

एचडीआरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. साध्या मॉनिटरवर ते बंद ठेवलेले बरे. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक मॉनिटरच्या खोक्यावर 'डिस्प्लेएचडीआर ४००' असे छापलेले असते. याचा अर्थ त्याची सर्वाधिक उजळता ४०० निटपर्यंत (निट हे उजळतेचे एकक) जाते. परंतु पडद्याचा एक भाग उजळ आणि दुसरा अंधारा ठेवण्यासाठी मागच्या दिव्यांचे वेगळे गट असण्याची अट त्या पातळीला नाही. मग एचडीआर चालू केले की संपूर्ण पडदा उजळतो आणि त्याबरोबर काळा रंगही वर येतो. डेस्कटॉप फिका दिसू लागतो तो त्यामुळेच. वारंवार येणाऱ्या तक्रारीशी याचा संबंध असा की, काही गेम सुरू होताना एचडीआर स्वतः चालू करतात आणि बंद होताना ते तसेच सोडून जातात. गेम बंद केल्यानंतर डेस्कटॉप विटलेला दिसला, तर विंडोजची कळ, ऑल्ट आणि बी एकत्र दाबून पाहावे. एचडीआर चालू-बंद करण्याची ती कळ आहे आणि दोष तेथे असेल तर चित्र क्षणात जागेवर येते.

ज्यांचा मॉनिटर खरोखर एचडीआरच्या लायकीचा आहे, त्यांनी विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने विनामूल्य दिलेले 'विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन' हे ॲप एकदा चालवावे आणि डिस्प्लेच्या एचडीआर पानावरची 'एसडीआर कंटेंट ब्राइटनेस' (एचडीआर नसलेल्या साध्या चित्राची उजळता) ही पट्टी आपल्या खोलीतल्या उजेडाप्रमाणे लावावी. साध्या खिडक्या फिक्या दिसण्याची निम्मी तक्रार त्या पट्टीने जाते.

इतर काही नेहमीची कारणे

जुने गेम संपूर्ण पडदा ताब्यात घेऊन स्वतःचा गॅमा ग्राफिक्स कार्डात लिहितात आणि ऑल्ट-टॅबने बाहेर पडल्यावर तो मागे तसाच राहतो. असे गेम बॉर्डरलेस विंडोमध्ये (पडदा ताब्यात न घेता पडदाभर पसरणाऱ्या खिडकीत) चालवावेत. रंगांचे कॅलिब्रेशन केलेले असेल तर तेही याच प्रकारे पुसले जाते. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबल्या की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि मागे राहिलेला गॅमा बहुतेक वेळा निघून जातो.

लॅपटॉपवर चार्जर काढताच रंग बदलत असतील, तर तो बॅटरी वाचवण्याचा प्रकार आहे. विंडोज ११ मध्ये ब्राइटनेसच्या पट्टीखाली चित्र पाहून उजळता बदलण्याचा पर्याय असतो, एएमडीमध्ये त्याला 'व्हॅरी-ब्राइट' म्हणतात आणि इंटेलच्या सॉफ्टवेअरमध्येही तशी वीज वाचवणारी सोय आहे. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते, त्यांना हा दोषही विजेबरोबर येता-जाता दिसेल.

अक्षरांच्या कडा रंगीत आणि अस्पष्ट दिसत असतील, विशेषतः निळ्यावरची लाल अक्षरे पसरल्यासारखी वाटत असतील, तर केबलची क्षमता अपुरी पडल्याने रंगांची माहिती कापली जात आहे असे समजावे. एचडीएमआय २.० ची एकूण क्षमता १८ गिगाबिट प्रतिसेकंद आहे. तिच्यात ६० हर्ट्झचे ४के चित्र ८ बिट रंगांत (म्हणजे ० ते २५५ छटांत) पूर्ण आरजीबीने जाते, १० बिट मागितले की जात नाही. ८ बिटवर आणल्यास अक्षरे पुन्हा रेखीव होतात. मॉनिटर नवा व विस्तृत रंगांचा असेल आणि तक्रार उलट असेल, म्हणजे माणसांचे चेहरे शेंदूर फासल्यासारखे दिसत असतील, तर मॉनिटरच्या मेनूतली 'एसआरजीबी' ही पद्धत निवडावी, कारण बहुतेक गेम त्याच रंगव्यवस्थेसाठी बनवलेले असतात.

गेममधली गॅमाची पट्टी

गेम पहिल्यांदा उघडताना एखादे चिन्ह दाखवून ते जेमतेम दिसेपर्यंत पट्टी हलवण्यास सांगितले जाते. हे काम वरचे सारे टप्पे नीट झाल्यावर, सर्वांत शेवटी करावे, आणि ज्या वेळी आपण प्रत्यक्ष खेळतो त्या वेळच्या उजेडात करावे. घोडबंदर रोडवरच्या उंच इमारतींत पश्चिमेकडे तोंड असलेल्या खोलीत दुपारी चार वाजता लावलेली पट्टी रात्री अकराला खेळताना अंधार पांढुरका करून टाकते. हा दोष नव्हे, परंतु दोष म्हणून त्याच्यामागे कित्येक तास जातात. माझ्या टेबलावर ट्यूबलाइटचा उजेड थेट पडद्यावर येत होता. टेबल हातभर सरकवले आणि गॅमा पूर्वीपेक्षा दोन घरे खाली आणता आला.

सारे जागेवर आले की ड्रायव्हरचे रंगांचे पान, विंडोजचे डिस्प्लेचे पान आणि मॉनिटरचा मेनू यांचे फोनने फोटो काढून ठेवावेत. ड्रायव्हर नव्याने बसवताना 'क्लीन इन्स्टॉलेशन'वर खूण केली गेली तर आपली सगळी सेटिंग पुसली जाते आणि तेव्हा हे तीन फोटो पाच मिनिटांत काम आटोपून देतात.

आणि दोष गेला असे मानण्यापूर्वी तो ज्या घटनेनंतर येत होता, ती घटना मुद्दाम घडवून पाहावी. मी गेम चालू ठेवून मॉनिटरचा भिंतीवरचा स्विच बंद केला, दहापर्यंत मोजले, पुन्हा चालू केला आणि पेंटमधला तो काळा चौकोन उघडला. असे पाच वेळा केले. पाचही वेळा मोठा चौकोन काळाच राहिला आणि आतला लहान चौकोन निरखल्यावर जेमतेम दिसला. त्यानंतरच मॉनिटरची वायर यूपीएसमध्ये खोचली आणि राउटरसाठी वेगळी सोय केली.